दुष्काळातून वसलेले मुक्ती सदन

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या मुक्ती सदनाचा इतिहास हा मुख्यतः दुष्काळाचा इतिहास आहे आणि तेथील ख्रिस्ती श्रद्धेचे स्वरूपही दुष्काळाला वगळून नीट कळत नाही. पुराणे सांगत तीर्थयात्रा करणाऱ्या त्यांच्या डोंगरे कुटुंबाची गाठ १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातील उपासमारीशी पडली आणि त्यात रमाबाईंचे आईवडील व थोरली बहीण मरण पावली. त्यामुळे १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्यावर त्या स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार विधवा व मुलींना घेऊन परतल्या, यामागे परोपकाराइतकीच भुकेची जुनी ओळखही होती, असे मानायला जागा आहे.

रमाबाईंचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा, १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. परंतु त्यांच्या १९०७ च्या आत्मनिवेदनानुसार मनाचे खरे समाधान त्यांना त्यानंतर काही वर्षांनी, १८९१ च्या सुमारास लाभले. हे समाधान कसाला लागण्यास वेळ लागला नाही. रमाबाईंनी पुण्यात चालविलेल्या शारदा सदन या विधवांच्या शाळेतील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले, रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळ सोडले आणि ज्यांच्या पाठबळावर भिस्त ठेवावी असे शहरातील लोक दुरावले. त्यातच अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने १८८७ मध्ये दिलेल्या दहा वर्षांच्या मदतीच्या हमीची मुदत नेमकी दुष्काळ आणि प्लेग यांच्या काळात संपत आली. प्लेगच्या निर्बंधांमुळे नव्याने आलेल्या मुलींना पुण्यात ठेवणे अशक्य झाल्यावर त्यांना केडगावच्या शेतावर हलवावे लागले, जिथे आरंभी धड निवाराही नव्हता.

अशा वेळी रमाबाईंनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अनाथालये चालविणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांच्या पद्धतीचा आदर्श ठेवला. म्यूलर कोणाकडेही पैशाची याचना न करता गरजा केवळ प्रार्थनेत मांडीत. दूरवरच्या हितचिंतकांना रमाबाईंच्या पत्रांतून आणि अहवालांतून संस्थेची स्थिती समजत असे, हे खरे, आणि म्हणून ही पद्धत वाटते तितकी सरळ नव्हती. शिवाय प्रार्थनेवर विसंबून आलेली रमाबाईंची निश्चिंतता हातावर हात ठेवून बसणाऱ्याची नव्हती. विहिरी खणल्या गेल्या, शेती व दुभती जनावरे आली, विणकाम व छपाई सुरू झाली, अंध मुलींना ब्रेल म्हणजे उठावाच्या ठिपक्यांची लिपी शिकविली जाऊ लागली आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा स्वतंत्र विभाग निघाला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुलींचा नवा लोंढा आला, तेव्हा त्यांना सामावून घेण्याइतकी ही घडी बसलेली होती. १९०५ मध्ये येथे झालेल्या धार्मिक पुनरुज्जीवनाची, म्हणजे सामूहिक पश्चात्ताप व उत्कट प्रार्थनेच्या लाटेची, चर्चा जगभर झाली. मात्र संस्थेच्या तगून राहण्याचे श्रेय त्या लाटेइतकेच, किंबहुना अधिक, रोजच्या कष्टांच्या या क्रमाला द्यावे लागते.

अन्नाच्या बदल्यात धर्म दिला गेला, हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला आणि आश्रित मुलींसमोर पर्याय फारसे नव्हते हे लक्षात घेता तो सहज झटकून टाकता येत नाही. पण त्या मुलींना केवळ दात्यांच्या दयेवर जगणाऱ्या ठरविणेही वस्तुस्थितीला धरून नाही. हिब्रू व ग्रीक भाषांतून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, मुक्ती सदनाच्याच छापखान्यातून पूर्ण बाहेर पडले आणि त्याचे खिळे जुळविण्यापासूनचे काम तेथे शिकून तयार झालेल्या स्त्रियांनी केले होते.