कमानीचे दगड, कमानीचे शब्द



मोरा बंदरातून लाँचने निघालात की घारापुरीचे बेट दृष्टीस पडते. तेथील सुमारे सहाव्या शतकातील लेण्यांत खांब व तुळया एकाच कातळातून कोरल्या आहेत. तोच समुद्र ओलांडून मुंबईला गेलात, तर 1924 साली खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया भल्यामोठ्या कमानीने तुमचे स्वागत करते. तुळईपासून कमानीपर्यंतचा हा प्रवास समजून घेण्यासारखा आहे.

प्रथम शब्द पाहू. 'कमान' म्हणजे फारसीत धनुष्य. ती ज्यावर टेकते तो पीलपाया. 'पील' म्हणजे हत्ती, म्हणून पीलपाया हा हत्तीचा पाय! दोन पीलपायांमधील मोकळी जागा म्हणजे गाळा. कमानीचे दगड पाचरीसारखे घडवतात, वर रुंद व खाली अरुंद. वरून भार आला की ते निसटत नाहीत, उलट एकमेकांत घट्ट बसतात आणि भार दोन्ही पीलपायांवर उतरतो. बांधकाम चालू असताना खाली ढोला, म्हणजे लाकडी आधार, उभारतात. माथ्यावरचा कळीचा दगड बसला की कमान स्वतःच्या बळावर उभी राहते.

आपल्या देशात विटांच्या काही प्राचीन मंदिरांतही कमान आढळते, परंतु तिचा प्रसार सुलतानांच्या काळात झाला. दिल्लीच्या कुव्वतुल इस्लाम मशिदीची दर्शनी भिंत 1199 च्या सुमाराची. स्थानिक कारागिरांनी तिला कमानीचा आकार दिला. पद्धत मात्र आपलीच ठेवली, दगडांचे थर एकापुढे एक सरकवण्याची. बल्बनच्या कबरीत, 1287 च्या सुमारास, पाचरीच्या दगडांची खरी कमान दिसते. पुढे विजापुरात 1656 च्या गोलघुमटाचा सुमारे 44 मीटर व्यासाचा घुमट एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी तोलून धरला.

हुन्नर असा हातोहात गेला आणि त्याबरोबर शब्दही मराठीत आले. पीलपाया म्हणताना कोणा गवंड्याने तो शब्द कोणाचा, असे विचारले नाही. तेव्हा मित्रांनो, मराठी ही आपली नव्हे असे कोणी म्हटले, तर त्याला जुन्या कमानीखाली उभे करा.

आज कमानीची जागा सिमेंटच्या लिंटलने घेतली आहे. वृद्ध गवंड्यांबरोबर हे शब्दही जातील. आपल्या गावच्या मशिदीत, वाड्यात, पुलाखाली कमान असेल तर तिचे चित्र काढा, भागांची नावे विचारा आणि वहीत उतरवून ठेवा.