स्ट्रोक, कर आणि बोरघाट

१/ इ.स. १८३० मध्ये बोरघाट चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला. तेव्हापासून खोपोलीहून लोणावळा, कामशेतमार्गे पुण्याकडे येणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या ओढीची परीक्षा हा घाट घेत आला आहे. मोटारीच्या बाबतीत ही ओढ ‘लांब स्ट्रोक’मधून येते, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र काही वेगळे सांगतो.

२/ सिलिंडरमध्ये पिस्टन वरपासून खालपर्यंत जितके अंतर कापतो, तो स्ट्रोक. क्रँकशाफ्टच्या आऱ्याची लांबी त्याच्या निम्मी असते. सिलिंडरचे क्षेत्रफळ, स्ट्रोक आणि सिलिंडरांची संख्या यांच्या गुणाकारातून इंजिनाचे घनफळ मिळते. ओढ ठरते ती या घनफळावर आणि आतील दाबावर; केवळ स्ट्रोकवर नव्हे.

३/ मग लांब स्ट्रोकचा दबदबा कोठून आला? त्याचे एक मोठे कारण करात सापडते. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवरील कर ‘अश्वशक्ती’नुसार आकारला जाई आणि ती मोजताना केवळ सिलिंडरचा व्यास व संख्या धरली जाई. स्ट्रोक हिशेबातच नव्हता. साहजिकच कारखानदारांनी व्यास अरुंद ठेवला आणि स्ट्रोक वाढवला.

४/ ही पद्धत १९४७ मध्ये संपली. सवय मात्र टिकली. आपल्याकडील अ‍ॅम्बॅसडरच्या १,४८९ घनसेंमी इंजिनाचा व्यास सुमारे ७३ मिमी, तर स्ट्रोक ८९ मिमी होता.

५/ १९९८ च्या अखेरीस पिंपरीच्या टाटा कारखान्यातील इंडिका बाजारात आली. व्यास ७५ मिमी, स्ट्रोक ७९.५ मिमी, घनफळ १,४०५ घनसेंमी.

६/ २८ फेब्रुवारी २००६ रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. अटी दोन होत्या. लांबी चार मीटरच्या आत हवी. इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० आणि डिझेलचे असल्यास १,५०० घनसेंमीच्या आत हवे.

७/ इंडिकाचे डिझेल इंजिन या मर्यादेत बसत होते, पेट्रोल इंजिन बसत नव्हते. त्यामुळे ‘झेटा’ १,१९३ घनसेंमीची झाली. ७५ मिमी व्यास कायम ठेवल्यास या घनफळासाठी स्ट्रोक ६७.५ मिमी येतो. म्हणजे क्रँकशाफ्टवरील १२ मिमी दिल्लीतील अर्थसंकल्पाने कापले!

८/ घटलेले घनफळ भरून कसे काढायचे? हवा दाबून भरायची. सुपरचार्जर हे काम क्रँकशाफ्टच्या बळावर करतो, तर टर्बो निकास वायूच्या. २०१४ च्या टाटा झेस्टचे टर्बो पेट्रोल इंजिनही १,१९३ घनसेंमीचेच होते. त्याची शक्ती ९० पीएस आणि टॉर्क १४० न्यूटन-मीटर, तोही अवघ्या १,७५० फेऱ्यांपासून.

९/ अशा इंजिनाला आखूड स्ट्रोक मानवतो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग ७९.५ मिमी स्ट्रोकला सेकंदाला १५.९ मीटर असतो, ६७.५ मिमीला १३.५ मीटर. आरा आखूड असल्याने क्रँकशाफ्टही अधिक ताठ राहतो. दाबलेल्या हवेने इंजिन ठोकू नये, यासाठी कॉम्प्रेशनचे प्रमाण मात्र बेताचे ठेवावे लागते.

१०/ ब्रिटनच्या कराने स्ट्रोक लांबवला, भारताच्या कराने आखडला. घाटाचा चढ दोन्ही काळांत तोच राहिला. म्हणूनच जुन्या इंजिनाची मापे वाचताना त्या वर्षीचा करकायदाही शेजारी उघडा ठेवावा.