दोन दिशांमधील कोन

अवकाशातील दोन सदिशांमधील कोन काढावयाचा, तर त्यांच्या घटकांचे क्रमशः गुणाकार करून बेरीज घ्यावी व तीस दोहोंच्या लांबींच्या गुणाकाराने भागावे, म्हणजे कोनाची कोज्या मिळते. (१, २, २) व (२, २, १) हे सदिश घेतल्यास बेरीज ८, लांबी प्रत्येकी ३, कोज्या आठ नवमांश आणि कोन सुमारे २७ अंश येतो. आमचे विद्यार्थी ही रीत घटकाभरात पाठ करितात. तिचा इतिहास मात्र त्यांस क्वचितच ठाऊक असतो.

ही बेरीज भूमितिज्ञांस पूर्वीपासून परिचित होती. तिला ‘गुणाकार’ मानून तिचे बीजगणित उभारावे, हा विचार नवा होता. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनच्या कालव्याकाठी फिरत असता हॅमिल्टनास क्वाटर्निअन सुचले. त्यांच्या गुणाकारात ही बेरीज आढळते, पण ऋणचिन्हासह आणि दुसऱ्या एका सदिशाशी जखडलेली. पुढच्याच वर्षी स्टेटिन येथील शाळामास्तर ग्रासमन याने आपला विस्तारसिद्धान्ताचा ग्रंथ छापिला. तो इतका दुर्बोध होता की त्यास वाचकच लाभले नाहीत. न खपलेल्या प्रती अखेरीस रद्दीत गेल्या.

येल येथील गिब्स याने १८८१ व १८८४ साली विद्यार्थ्यांकरिता खासगी टिपणे छापून तो जोडगुणाकार दुभंगला व ऋणचिन्ह टाकून दिले. इंग्लंडात हेव्हिसाइडनेही स्वतंत्रपणे तेच केले. हॅमिल्टनचा अनुयायी टेट यास हा भ्रष्टाचार वाटला, व कडाक्याचा वाद माजला. १९०१ साली गिब्सच्या व्याख्यानांवरून विल्सनने रचिलेल्या ग्रंथाने नवी रीत रूढ केली.

टेटचा राग आम्हांस समजतो. एका सुंदर रचनेचे त्याच्यादेखत तुकडे होत होते. तथापि पदार्थविज्ञानास सोयीची हत्यारे हवी होती, आणि सोयीचा हा विजय आम्हांस न्याय्यच वाटतो. अन्याय झाला तो ग्रासमनवर. गिब्सने त्याचा अग्रमान जाहीरपणे सांगितला, पण १८९१ साली. ग्रासमन १८७७ मध्येच निवर्तला होता.

तोवर त्याने संस्कृताची कास धरून १८७३ ते १८७५ या काळात ऋग्वेदाचा कोश प्रसिद्ध केला होता. आमच्याकडील वेदाभ्यासक तो कोश उघडतात, गणिताचे विद्यार्थी तो कोन काढतात. दोन्ही कामांमागे एकच शाळामास्तर आहे, हे दोघांनाही सांगितले पाहिजे.