नको तिथली गुठळी

गुडघा बदलताना हाड कापावं लागतं आणि कापलेल्या हाडातून टाके घातल्यावरही रक्त झिरपत राहतं. शरीर गुठळी करून ते थांबवू पाहतं. त्याच वेळी प्लाझ्मिन नावाचं एन्झाइम ती गुठळी विरघळवत असतं.

या विरघळण्याला अटकाव करणारं औषध जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधलं. उताकोंच्या डोळ्यांसमोर बाळंतपणात रक्तस्रावाने दगावणाऱ्या बायका होत्या. १९६२ साली त्यांनी ट्रानेक्झामिक आम्ल जगापुढे मांडलं. ते नवी गुठळी तयार करत नाही, झालेली टिकवतं.

मग सांधे बदलणारे सर्जन बिचकत का होते? या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरांमध्ये गुठळ्या होण्याचा धोका मुळातच असतो. तशी एखादी सुटून फुप्फुसात अडकली, तर जीवावर बेतू शकतं. हवी ती गुठळी टिकवणारं औषध नको तिथलीही टिकवेल, ही शंका रास्तच होती.

१९९६ साली स्वीडनमधल्या माल्मो इथल्या चाचणीत रक्तस्राव जवळपास निम्म्यावर आला. पण रुग्ण होते ८६. हजारात पाच जणांना होणारा अपाय एवढ्यांत एकदाही न दिसण्याचीच शक्यता जास्त. दहा वेळा न अडखळता चालला म्हणून कुठलाही प्रोग्रॅमर आपला प्रोग्रॅम निर्दोष मानत नाही.

ही सावधगिरी फुकाची नव्हती. रक्तस्राव कमी करणारं अ‍ॅप्रोटिनिन हृदयशस्त्रक्रियांत वर्षानुवर्षं वापरलं गेलं. कॅनडातल्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त दिसू लागले आणि २००७ साली बायर कंपनीने त्याची विक्री थांबवली.

ट्रानेक्झामिक आम्लाचा हिशोब वेगळा निघाला. २०१४ साली अमेरिकेतल्या ५१० रुग्णालयांमधल्या ८,७२,४१६ सांधेबदल रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. औषध न मिळालेल्यांपैकी २०.१ टक्क्यांना रक्त द्यावं लागलं होतं, मिळालेल्यांपैकी ७.७ टक्क्यांना. गुठळ्यांचा त्रास अनुक्रमे ०.८ आणि ०.६ टक्के, म्हणजे वाढ नाही. अर्थात या जुन्या नोंदी होत्या. धोका जास्त वाटलेल्या रुग्णांना डॉक्टरांनी औषध दिलंच नसेल, तर आकडे गोड दिसणारच.

२०२० साली पोटातल्या रक्तस्रावावरच्या चाचणीत हेच औषध २४ तास मोठ्या मात्रेत दिलं गेलं, तेव्हा शिरांमधल्या गुठळ्या ०.४ वरून ०.८ टक्क्यांवर गेल्या. गुडघ्यासाठी सहसा शस्त्रक्रियेच्या आगेमागे एक-दोन ग्रॅमच देतात. म्हणून ‘सुरक्षित आहे का?’ असं विचारताना कुणाला, किती आणि किती वेळ, हेही विचारावं लागतं.