काकाडूची जमीन

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन शहर आहे. तिथून पूर्वेला दीड-दोन तास गाडी चालवली की काकाडू राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते. उद्यानाचं क्षेत्रफळ सुमारे वीस हजार चौरस किलोमीटर. सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे त्यात मावून वर जागा उरेल. माणसाचा हात न लागलेलं रान अशी त्याची ख्याती आहे आणि ती साफ चुकीची आहे. इथे माणूस जितकी हजार वर्षं सलग राहिला, तितका जगात फार थोड्या ठिकाणी राहिला असेल. त्याने ही जमीन जपली, ठरवून जाळली, रंगवली. मग ती त्याच्या हातून गेली. गेल्या पन्नास वर्षांत कायद्याच्या आणि लढ्याच्या जोरावर त्याने ती तुकड्या-तुकड्याने परत मिळवली आहे.

मी सांगलीच्या शाळेत इतिहास शिकवला. ह्यांची सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत झाली. लेक डार्विनला नर्स आहे. तिच्याकडे गेलो असताना ह्यांनी टपावर तंबू असलेली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी भाड्याने घेतली आणि कोरड्या ऋतूत आम्ही दोघंच निघालो. आर्नहेम महामार्गाने काकाडू, तिथून पाइन क्रीक, पुढे कॅथरीनजवळचं निटमिलुक आणि परत येताना लिचफील्ड, असा आमचा रस्ता होता. ह्यांचं लक्ष टायरमधल्या हवेवर, माझं रस्त्याकडेच्या माहितीफलकांवर. त्या फलकांवरून मला पहिल्यांदा कळलं की काकाडूच्या उत्तर भागातल्या आदिवासींना बिनिंज म्हणतात, दक्षिणेतल्यांना मुंगुय, आणि इथल्या प्रत्येक ओढ्याला, कड्याला मालक कुळ आहे.

उद्यानाने वेढलेल्या मिरार कुळाच्या जमिनीवर मजेदबेबे नावाचा खडकाचा आडोसा आहे. तिथल्या उत्खननाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले: माणसाचा सर्वांत जुना वावर सुमारे ६५ हजार वर्षांपूर्वीचा. कालमापनावर संशोधकांत अजून वाद आहे. पण त्या थरांत घासून धार लावलेल्या दगडी कुऱ्हाडी, वाटण्याघाटण्याचे दगड आणि गेरू सापडला, याबद्दल वाद नाही.

गेरू कशासाठी वापरला जायचा ते उबिरच्या कड्यांवर दिसतं. आम्ही जवळच्या मर्लच्या तळावर उतरलो होतो. तिथले डास असे, की सूर्य मावळला की तंबूची जाळी बंद करण्यावाचून इलाज नाही. सकाळी कड्यापाशी गेलो. भिंतीवर बारामुंडी मासे रंगवलेले आहेत. माशाच्या कातडीच्या आतला कणा आणि आतडीही काढलेली. ही क्ष-किरण शैली. मासा कुठे चिरायचा, काय खायचं, काय टाकायचं, हे चित्र बघूनच मुलाला कळावं. वर एका ठिकाणी पट्टेरी पाठीचा थायलसिन आहे. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हजारो वर्षांपूर्वीच नाहीसा झाला, म्हणजे चित्र काढणाऱ्याने तो त्याआधी पाहिला. आणि त्याच कड्यावर बऱ्याच अलीकडचा एक गोरा माणूस आहे. हे बराच वेळ निरखत राहिले आणि म्हणाले, “अगं, याला हातच नाहीत.” हात होते, ते खिशात होते. खिशात हात घालून नुसतं उभं राहायची ही नवी रीत चित्रकाराने नेमकी टिपली होती.

बिनिंज लोकांच्या वर्षात सहा ऋतू असतात. गुजेव्ग हा मुसळधार पावसाचा. बांगेरेंगमध्ये शेवटची वादळं माणसाहून उंच गवत आडवं करतात. मग येग्गे आणि वुर्गेंग हे थंडावत जाणारे ऋतू, त्यामागून कडक उन्हाचा गुर्रुंग आणि पावसाआधीचा कोंदट गुनुमेलेंग. येग्गेमध्ये गवत वाळू लागलं की ते थोडं थोडं पेटवायचं, ही इथली फार जुनी रीत. आम्ही गेलो तेव्हाही रस्त्याच्या कडेला अशी आग चालू होती. गुडघ्याएवढ्या ज्वाळा, पांढरा धूर, आणि वर घारींचा थवा. आगीपुढे पळणारे टोळ टिपायला त्या खाली झेपावत होत्या. आग कोणी विझवत नव्हतं. या दिवसांत रात्री दव पडतं आणि आग आपोआप मरते. जळालेल्या आणि न जळालेल्या तुकड्यांची गोधडी तयार होते. मग गुर्रुंगमध्ये वणवा लागलाच तर त्याला सलग खाद्य मिळत नाही. विसाव्या शतकात माणसं इथून वस्त्यांकडे आणि मिशनांकडे गेली, रान न जळता साठत राहिलं आणि उन्हाळ्यातले वणवे भयंकर झाले. आज उद्यानाचे रेंजर पुन्हा कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच आगी लावतात, हेलिकॉप्टरमधूनही. तंत्र नवं असलं तरी विद्या जुनीच आहे.

गोऱ्यांनी जमिनीवरून हा भाग ओलांडल्याची नोंद आहे ती १८४५ सालची. जर्मन शोधप्रवासी लुडविग लाइकहार्ट आजच्या क्वीन्सलंडमधून निघाला आणि पठाराचा कडा उतरून याच पाणथळांतून पोर्ट एसिंग्टन या इंग्रजांच्या ठाण्यावर पोचला. ठाणं १८४९ मध्ये बंद पडलं. पण तिथे आणि आसपासच्या ठाण्यांवर तिमोर वगैरे बेटांवरून आणलेल्या म्हशी मागे राहिल्या. त्या रानात सुटल्या आणि पाणथळांत बेसुमार वाढल्या. १८८० च्या दशकापासून त्यांच्या कातड्यांचा धंदा उभा राहिला. घोडेस्वार भरधाव म्हशीच्या बरोबरीने दौडत जाऊन जवळून गोळी घालत. मागून पायी येणारे आदिवासी पुरुष आणि बायका कातडं सोलून, धुऊन, मीठ लावून वाळवत. मोबदला म्हणजे बहुतेक वेळा पीठ, चहा, साखर आणि तंबाखू. या धंद्यातला नावाजलेला माणूस पॅडी केहिल. ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवरच्या उताराला आजही त्याचं नाव आहे.

१९५० च्या दशकात कातड्यांचा बाजार बसला. म्हशी मात्र होत्याच. त्यांच्या लोळण्याने आणि वाटांनी पाणथळांचे काठ फुटले, समुद्राचं खारं पाणी आत शिरलं, पेपरबार्कची झाडं उभी वाळली. १९८० च्या दशकात गुरांच्या क्षयरोगाविरुद्धच्या मोहिमेत हजारो म्हशी मारल्या गेल्या, तेव्हा कुठे पाणथळं सावरू लागली. मगरींची गोष्ट उलटी. दुसऱ्या महायुद्धानंतर कातड्यासाठी त्यांची इतकी शिकार झाली की त्या संपायला आल्या. १९७१ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत खाऱ्या पाण्यातल्या मगरीला संरक्षण मिळालं. केहिलच्या उतारावर आम्ही भरतीची वेळ साधून उभे राहिलो. पाणी चढून रस्त्यावरून वाहू लागलं तशा मगरी प्रवाहाकडे तोंड करून ओळीने थांबल्या आणि वाहून येणारे मासे पकडू लागल्या. पलीकडे आर्नहेम लँड. ती आदिवासींची जमीन. तिथे परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

शिकारीच्या या काळात जगलेला एक माणूस मला फार जवळचा वाटतो. नायोम्बोल्मी हा बादमार्दी कुळाचा चित्रकार. त्याने म्हशींच्या शिकारतळांवर मजुरी केली. १९५० च्या दशकाअखेरीस नॉर्लँजीजवळ पैसेवाल्या शिकाऱ्यांसाठी सफारीचा तळ निघाला होता. १९६४ च्या सुमारास नायोम्बोल्मीने त्याच भागातल्या अन्बांगबांगच्या आडोशातल्या जुन्या चित्रांवर नवी चित्रं काढली. कोपरांना आणि गुडघ्यांना दगडी कुऱ्हाडी बांधलेला, भोवती विजेचं कडं असलेला वीजपुरुष नामारगॉन आज पर्यटक पाहतात. ती चित्रं त्याच्या हातची. आपल्या कुळाची माणसं विरळ होत चालली असताना त्याने रंग कालवले. काही वर्षांतच तो वारला. लोक ती चित्रं प्राचीन समजून फोटो काढतात. ती आपल्या आईवडिलांच्या काळातली आहेत, हे मला जास्त मोलाचं वाटतं: परंपरा तोवर जिवंत होती.

मग युरेनियम सापडलं. १९६९-७० च्या सुमारास रेंजर नावाचा साठा हाती लागला आणि पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. तोवर जमिनीच्या हक्कांची चळवळही जोरात होती. १९६६ मध्ये वेव्ह हिल या गुरांच्या तळावरच्या गुरिंजी गुराख्यांनी काम बंद केलं होतं. १९७५ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी गुरिंजी लोकांचे नेते व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या ओंजळीत त्यांच्याच जमिनीची माती ओतली. १९७६ मध्ये जमीन हक्काचा कायदा झाला. त्याने आदिवासी मालकांना खाणीला नकार द्यायचा अधिकार दिला. रेंजरची खाण मात्र त्यातून वगळली. मिरार कुळाचा विरोध असतानाही खाण झाली. त्याच व्यवहारातून १९७९ मध्ये काकाडू उद्यानाचा पहिला टप्पा जाहीर झाला. मालकांनी जमीन उद्यानासाठी सरकारला भाडेपट्ट्याने दिली आणि पुढे व्यवस्थापन मंडळात त्यांना बहुमत मिळालं. जगात बऱ्याच ठिकाणी उद्यान करायचं म्हणजे आधी माणसं हलवायची, अशी रीत होती. इथे उद्यान मालकांच्या करारावर उभं राहिलं.

या करारामागे उभ्या राहिलेल्यांत बुनिज कुळाचे बिल नेजी होते. तरुणपणी त्यांनीही म्हशींच्या शिकारीत आणि लाकूडकामात दिवस काढले. उतारवयात त्यांनी ठरवलं, की ज्ञान आपल्याबरोबर मातीत जाण्यापेक्षा ते सगळ्यांना सांगावं, आणि ते पुस्तकातून सांगितलं. ज्या गागुजू भाषेवरून काकाडू हे नाव पडलं, ती बोलणारे ते शेवटचे. २००२ मध्ये ते गेले.

लढाई तिथे संपली नाही. रेंजरच्या शेजारी जाबिलुका इथे दुसरी खाण येऊ घातली, तेव्हा १९९८ मध्ये मिरारच्या ज्येष्ठ मालकीण इव्हॉन मार्गारुला यांच्या हाकेला हजारो लोक धावून आले आणि महिनोन्‌महिने धरणं धरून बसले. मार्गारुलांना अटक झाली ती स्वतःच्याच जमिनीवर अतिक्रमण केल्याच्या आरोपावरून. अखेर ती खाण झाली नाही. २०२१ च्या जानेवारीत रेंजरमधलं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी खाणीसाठी वसवलेल्या जाबिरू गावाची मालकी मिरारकडे आली. २०२२ मध्ये उद्यानाची आणखी जवळपास निम्मी जमीन मूळ मालकांच्या नावे झाली. २०२४ मध्ये जाबिलुकाचा खाणपट्टा वाढवून द्यायला नकार मिळाला. जाबिरूत आम्ही पेट्रोल भरलं, भाजी-पाव घेतला; त्या साध्या रस्त्यांमागे एवढा हिशेब आहे.

काकाडूनंतर पाइन क्रीक लागलं. तिथे तारायंत्राच्या तारेचे खांब रोवताना सोनं सापडलं होतं. ही तार १८७२ मध्ये अ‍ॅडिलेडपासून डार्विनपर्यंत पूर्ण झाली आणि समुद्राखालून जावामार्गे जगाला जोडली गेली. लंडनचा निरोप तेव्हा सुएझ, एडन, मुंबई, मद्रास, सिंगापूर असा या रानात यायचा. ही तार आदिवासींना न विचारता त्यांच्या पाणवठ्यांवरून ओढली गेली. पुढच्या कॅथरीन घळीची गोष्ट समाधानाची आहे. जावोयन लोकांनी दावा लावला, गावातल्या गोऱ्यांचा कडवा विरोध सोसला, आणि १९८९ मध्ये निटमिलुक उद्यानाची जमीन परत घेऊन तीही सरकारला पट्ट्याने दिली. घळीत आम्ही बसलो ती होडी जावोयन लोकांच्याच मालकीच्या व्यवसायातली.

मालकी कागदावर आली तरी ती रोज राखावी लागते. १९९१ मध्ये काकाडूच्या दक्षिण भागातल्या गुरातबा टेकडीवरची खाण केंद्र सरकारने नाकारली, कारण बुला हा सृष्टिकर्ता तिथे विसावलेला आहे आणि त्याला डिवचलं तर अनर्थ होईल, असं जावोयन मानतात. त्याच मुलखातल्या गुनलोम धबधब्यापाशी मात्र काकाडू उद्यानाच्या प्रशासनानेच पवित्र स्थळाजवळ परवानगीवाचून पायवाट बांधली. २०१९ पासून अनेक वर्षं धबधबा बंद राहिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की पवित्र स्थळांचा कायदा केंद्राच्या या यंत्रणेलाही लागू आहे. आम्हाला गुनलोम पाहता आला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली मराठी कुटुंबं आता तंबू घेऊन उत्तरेकडे निघतात. त्यांनी जरूर जावं. उद्यानाचं प्रवेशपत्र काढावं, मगरींच्या सूचना पाळाव्यात, आणि जिथे मुक्काम कराल ती जमीन कोणत्या कुळाची आहे हे फलकावर वाचून मुलांना सांगावं. एखादी वाट बंद असेल तर चिडू नये. नाही म्हणण्याचा तो हक्क या लोकांनी पन्नास वर्षं भांडून मिळवला आहे. पाहुण्याने तो मानायलाच हवा.