बीआरएमच्या कार्डाची कुळकथा

बीआरएम म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत पार करायची सायकल राईड. ती करणाऱ्या सायकलस्वाराच्या कपाटात तिची कार्डं जपून ठेवलेली असतात. जाड कागद, मध्ये घडी, वरच्या पानावर नाव आणि अंतर, आत चौकोनी रकाने. एकेका रकान्यात ठिकाणाचं नाव, तिथवरचे किलोमीटर, तो कंट्रोल, म्हणजे वाटेतलं तपासणीचं ठाणं, कधी उघडतो आणि कधी बंद होतो त्या वेळा. उरलेली जागा शिक्क्यासाठी. राईडमध्ये हे कार्ड हरवलं तर पाय कितीही चालले असले तरी उपयोग नाही, राईड धरली जात नाही. म्हणून पावसात सायकलस्वार आधी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो आणि मग मोबाइलची काळजी करतो.

या कार्डावरचे आकडे सगळ्या जगात सारखे आहेत. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40, 1000 ला 75 आणि 1200 ला 90. पहिला टप्पा 200 चाच का? कंट्रोलवर उशिरा पोहोचणं जसं चालत नाही तसं फार लवकर पोहोचणंही का चालत नाही? आणि एवढी दमछाक करून शेवटी कुणाचाच पहिला नंबर कसा येत नाही? या प्रश्नांची उत्तरं शोधत गेलं की आपण सव्वाशे वर्षांमागच्या फ्रान्समध्ये पोहोचतो, आणि तिथे सायकलीपेक्षा वर्तमानपत्रंच जास्त भेटतात.

साल 1891. हवा भरलेला टायर बाजारात येऊन थोडीच वर्षं झाली होती. अनेकांच्या सायकलींना अजून भरीव रबराच्या धावा होत्या. मे महिन्यात बोर्दो ते पॅरिस अशी सुमारे 570 किलोमीटरची शर्यत झाली आणि ती जी. पी. मिल्स या इंग्रज सायकलस्वाराने जिंकली. त्याच्या मागे आलेलेही इंग्रजच होते. ‘ल पती जुर्नाल’ या पॅरिसच्या दैनिकाचे संपादक प्येर जिफार यांनी त्याच वर्षी याच्या दुप्पट अंतराची कल्पना मांडली. पॅरिसहून निघायचं, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रेस्त बंदराला पोहोचायचं आणि परत पॅरिसला यायचं. अंतर 1200 किलोमीटर, प्रवेश फक्त फ्रेंचांना. जिफार यांनी याला शर्यत न म्हणता कसोटी म्हटलं. सायकल आणि माणूस, दोघांचीही. निघताना सायकलीला मोहोर लावायची, म्हणजे वाटेत कुणी दुसऱ्या सायकलीवर बसणार नाही. वाटेतल्या ठाण्यांवर थांबून सही करायची आणि शिक्का घ्यायचा. आजच्या कार्डाचा पूर्वज इथेच आहे. शिक्का आला तो माणसावर पहारा ठेवायला, कौतुकाचा भाग त्यात नंतर मिसळला.

6 सप्टेंबर 1891 ला दोनशेहून अधिक जण निघाले. शार्ल तेरों हा मिशेलिनच्या नव्या, रिमवरून काढता येणाऱ्या टायरवर होता, तर त्याचा प्रतिस्पर्धी जिएल-लावाल डनलॉपवर. हे दोघे पुढे गेले ते त्या हवेच्या टायरांमुळेच. टायर पंक्चर झाल्यावर दुरुस्तीत तासतासभर जायचा, तरीही भरीव टायरवाले मागेच राहिले. तिसऱ्या रात्री जिएल-लावाल झोपला आणि तेरों न झोपता त्याला ओलांडून गेला. 71 तास 22 मिनिटांत तो पॅरिसला परतला, तेव्हा त्याला पाहायला हजारो लोक जमले होते. निघालेल्यांपैकी जेमतेम शंभर जण परत आले, आणि त्यातल्या शेवटच्यांना दहा दिवस लागले. मला तेरोंच्या जागरणापेक्षा या दहा दिवसवाल्यांचं अप्रूप वाटतं. बक्षीस केव्हाच गेलेलं, गर्दी पांगलेली, तरी ते शिक्के घेत घेत येतच होते. आज बीआरएममध्ये जे लोक येतात ते तेरोंचे वारसदार नाहीत, यांचे आहेत.

कुळाची दुसरी शाखा इटलीतली आहे. 12 जून 1897 ला व्हीतो पार्दो आणि त्याचे सोबती, मिळून बारा जण, रोमहून नेपल्सला निघाले. 230 किलोमीटर, आणि अट एवढीच की सगळं दिवसाउजेडी व्हायला हवं. इथे मोहोर नव्हती, बक्षीस नव्हतं, मागून येणारा शत्रूही नव्हता. जूनचा लांब दिवस आणि एकत्र निघालेली माणसं. असं करणाऱ्यांना ‘ओडॅक्स’, म्हणजे लॅटिनमध्ये धाडसी, म्हणायला लागले. उजाडल्यापासून मावळेपर्यंत दोनशे किलोमीटर हे माप तिथून रूढ झालं. आपल्या पहिल्या टप्प्यातले 200 किलोमीटर असे सूर्याने ठरवलेले आहेत.

या दोन शाखा जुळल्या त्या एका राजकीय भांडणामुळे. 1894 मध्ये कॅप्टन आल्फ्रेद द्रेफ्यूस या ज्यू अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आरोप झाला आणि फ्रान्स उभा दुभंगला. जिफार तोवर ‘ल व्हेलो’ या हिरव्या कागदावर छापल्या जाणाऱ्या क्रीडा दैनिकाचे संपादक झाले होते आणि त्यांनी द्रेफ्यूसची बाजू घेतली. मोटारींचा कारखानदार काउंट द द्यों विरुद्ध बाजूचा. त्याने आणि इतर कारखानदारांनी 1900 मध्ये पैसे घालून प्रतिस्पर्धी दैनिक काढलं, पिवळ्या कागदावर, आणि संपादक नेमले आँरी देग्राँज. देग्राँज स्वतः सायकलस्वार होते. 1893 मध्ये एका तासात 35 किलोमीटर 325 मीटर कापून त्यांनी तासाचा विक्रम केला होता. जिफार यांनी कोर्टात जाऊन पिवळ्या दैनिकाला नाव बदलायला लावलं, म्हणून ते ‘लोतो’ झालं. खप वाढवण्यासाठी ‘लोतो’ने 1903 मध्ये एक शर्यत काढली. तीच टूर द फ्रान्स. पुढच्या वर्षी ‘ल व्हेलो’ बंद पडलं.

एका निरपराध माणसाच्या बाजूने उभं राहिल्याची किंमत जिफार यांनी आपलं दैनिक गमावून चुकवली. सायकलिंगच्या गोष्टीत त्यांचं नाव देग्राँज यांच्या तुलनेत कितीतरी कमी घेतलं जातं. ते जास्त घेतलं जायला हवं.

देग्राँज यांना टूरसाठी विजेते हवे होते, पण पेपर घेणारे हजारो लोक साधे सायकलस्वार होते. त्यांच्यासाठी 1904 मध्ये त्यांनी इटलीतल्या प्रथेवरून ओडॅक्सचे नियम लिहिले. गटाने जायचं, पुढे असलेल्या कप्तानाला ओलांडायचं नाही, ठरलेला वेग सोडायचा नाही, ठरल्या गावी एकत्र जेवायचं. पूर्ण करणाऱ्याला प्रमाणपत्र, त्याचं नाव ‘ब्रेव्हे’. ही पहिली प्रमाणपत्रं मिळवलेल्यांनी त्याच वर्षी एक क्लब काढला, ओडॅक्स क्लब पारिझियाँ. आज जगभरातल्या बीआरएमची नोंद ठेवणारा ‘एसीपी’ तो हाच.

सतरा वर्षं हे गुण्यागोविंदाने चाललं. 1921 मध्ये देग्राँज आणि एसीपी यांचं बिनसलं आणि क्लबचा ओडॅक्स घेण्याचा परवाना गेला. गटाने जायची प्रथा दुसऱ्या संघटनेकडे गेली आणि तिथे ती आजही जिवंत आहे, ताशी साडेबावीस किलोमीटरच्या वेगाने. एसीपीच्या हातात नाव राहिलं, पण रीत गेली. मग त्यांनी नवी रीत काढली. प्रत्येकाने आपापल्या वेगाने जावं, एकट्याने किंवा सोबतीने, हवं तिथे खावं, वाटलं तर झोपावं. फक्त ठाण्यांवर वेळेत शिक्का घ्यावा. कप्तान गेला आणि त्याची जागा कार्डाने घेतली.

माझ्या मते या सगळ्या कुळकथेतला खरा जन्म हा आहे. शर्यतीत तुम्ही पुढच्याच्या चाकाला बांधलेले असता, ओडॅक्समध्ये कप्तानाच्या. एसीपीच्या नव्या रीतीत दोन्ही दोर सुटले, पण मोकाट सुटलेला माणूसही चालणार नव्हता. म्हणून वेळेची खालची आणि वरची अशा दोन कडा आल्या. आजच्या नियमात 600 किलोमीटरपर्यंत कंट्रोल बंद होण्याची वेळ ताशी 15 किलोमीटरच्या हिशेबाने येते. त्या हिशेबाने 200 किलोमीटरला 13 तास 20 मिनिटंच होतात. वर दहा मिनिटं देऊन साडेतेरा केले आहेत, आणि ती दहा मिनिटं दरवर्षी जगभर किती जणांना तारून नेत असतील! वरची कड पहिल्या 200 ला ताशी 34 किलोमीटरची. त्यापेक्षा लवकर आलात तर कंट्रोल उघडलेलाच नसतो, बसून राहावं लागतं. शर्यत करू पाहणाऱ्याला हा नियम तिथल्या तिथे थंड करतो. मधल्या पट्ट्यात तुम्ही कुठेही असा, मान सारखाच.

ब्रेस्तच्या शर्यतीचं काय झालं? ती दहा-दहा वर्षांनी होत राहिली. 1901 ला मोरिस गारँने 52 तास 11 मिनिटांत जिंकली, आणि दोन वर्षांनी पहिली टूर द फ्रान्सही त्यानेच जिंकली. 1931 मध्ये ऑस्ट्रेलियाचा ह्युबर्ट ऑपरमन 49 तास 23 मिनिटांत आला. पण 1931 ची खरी बातमी मागच्या रांगेत होती. त्या वर्षी व्यावसायिकांच्या बरोबरीने एसीपीने साध्या सायकलस्वारांनाही सोडलं, आणि त्यांत बायकाही होत्या. 1951 मध्ये मोरिस द्योने शर्यत 38 तास 55 मिनिटांत जिंकली. त्यानंतर व्यावसायिकांना या लांबलचक खटाटोपात रस उरला नाही, पुरेशी नावंच येईनात. शर्यत मेली आणि कार्डवाल्यांची राईड उरली. आता ती दर चार वर्षांनी होते. 2019 आणि 2023 मध्ये प्रत्येकी सहा हजारांहून अधिक लोक पॅरिसजवळच्या राँबुये गावातून निघाले. मुदत 90 तास. वेळेत परतणाऱ्या प्रत्येकाचं नाव क्लबच्या मोठ्या वहीत जातं, आणि त्या वहीतलं पहिलं नाव शार्ल तेरोंचं आहे.

या कुळात रक्ताच्या नात्याचा नसलेला, तरी घरचाच मानावा असा एक माणूस आहे. पॉल द व्हिव्ही, ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने लिहिणारा. तो साँत-एत्येन गावी ‘ल सिक्लिस्त’ हे मासिक चालवायचा, स्वतः लांबच्या राईडा करायचा आणि सायकलीला बदलते गिअर हवेत म्हणून वर्षानुवर्षं झगडायचा. देग्राँज यांना गिअर म्हणजे वय झालेल्यांची सोय वाटायची, टूरमध्ये त्यांनी ते 1937 पर्यंत येऊ दिले नाहीत. चढाच्या रस्त्यावर व्हेलोसियोचं म्हणणं कधीच खरं ठरलं होतं. खंबाटकी घाटात गिअर खाली टाकत वर चढणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकावर या माणसाचे उपकार आहेत. 1930 मध्ये हातात सायकल धरून रस्ता ओलांडताना ट्रामची धडक बसून तो गेला.

एसीपीची कार्डाची रीत पुढे फ्रान्सबाहेरही पसरली, आणि 1983 मध्ये वेगवेगळ्या देशांच्या संघटनांनी मिळून जागतिक मंडळ काढलं. भारतात ही रीत रुजली ती 2010 च्या आसपास. ओडॅक्स इंडिया रँडोनर्स ही संघटना उभी करण्यात पुण्याच्या दिव्या ताटे यांचा मोठा वाटा आहे. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथल्या क्लबांनी ती वाढवली. अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही शर्यत 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीने पूर्ण केली, 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने. तिथे मदतीला गाड्या आणि माणसांचा ताफा सोबत असतो. बीआरएममध्ये कंट्रोल सोडून वाटेत कुणाची ठरवलेली मदत घेता येत नाही. पंक्चर झालं तर आपणच काढायचं.

आपल्याकडे कार्डाला देशी वळणंही मिळाली. रात्री दोन वाजता महामार्गावर शिक्का कोण मारणार? मग एटीएममधून शंभर रुपये काढायचे आणि पावती जपायची, तिच्यावर जागा आणि वेळ दोन्ही छापलेली असते. पेट्रोल पंपाची पावती, ढाब्याच्या मालकाची सही, वाटेतल्या मैलाच्या दगडावरच्या आकड्याचं उत्तर, हे सगळं पुरावा म्हणून धरलं गेलं आहे. जिफार यांच्या ठाण्यांवरच्या सहीचा हाच वंश. आता मोबाइलवरून हजेरी घेणं सोपं झालं आहे आणि काही जण कार्डच नको म्हणतात. मला ते पटत नाही. पहाटे चहाच्या टपरीवाल्याने ‘एवढ्या लांबून सायकलवर?’ म्हणत कार्डावर सही करणं हा त्या राईडचा भाग आहे. अनोळखी माणूस आपल्या प्रवासाचा साक्षीदार होतो, हे यंत्राला जमणार नाही.

हौशीने ब्रेस्तला गेलेल्या भारतीयांपैकी बरेच जण वेळेत परतू शकले नाहीत, हेही सांगायला हवं. चार दिवस चढ-उतार संपत नाहीत, एकूण चढाई दहा हजार मीटरच्या वर जाते, आणि ऑगस्टातही तिथल्या रात्री आपल्याला हुडहुडी भरवतात. इथल्या सपाट, उष्ण रस्त्यांवर केलेली तयारी तिथे अपुरी पडते. घाटांत आणि थंडीत रात्रीच्या राईडा केल्याशिवाय जाऊ नये.

पुढची पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस 2027 च्या ऑगस्टमध्ये आहे. तिथे जायला त्याच हंगामात 200, 300, 400 आणि 600 अशी चारही कार्डं पूर्ण व्हावी लागतात, आणि आधीच्या वर्षी जितकी लांब राईड केली असेल तितकं नाव लवकर नोंदवता येतं. मनात असेल तर तयारी आजच सुरू करा. आणि ब्रेस्तचा विचार नसेल तरी जवळच्या क्लबच्या 200 ला एकदा नाव द्या. पुढे-मागे दोन्हीकडे चांगले दिवे, अंगावर चमकणारं जॅकेट, दोन जादा ट्यूब, आणि कार्डासाठी एक प्लॅस्टिकची पिशवी, एवढं जवळ ठेवा.