शब्द फिरवला, हे ठरवायचं कसं? ऑस्ट्रेलियाच्या निवडणुका आणि संशोधनाचा प्रश्न



"सगळे राजकारणी सारखेच, निवडून आले की शब्द फिरवतात." हे वाक्य चहाच्या टपरीवर बिनदिक्कत चालतं. संशोधनाच्या प्रस्तावात लिहिलंत तर मार्गदर्शक पहिलाच प्रश्न विचारतील : 'फिरवतात' म्हणजे नेमकं काय? कोणी, कधी, कुठल्या शब्दांत सांगितलं होतं? आणि मोडलं हे कोणी ठरवलं?

तुमच्यापैकी अनेकजण सध्या विषय शोधताय, म्हणून आज एक तयार उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियातली निवडणुकीची आश्वासनं, ती मोडली गेली तेव्हा काय झालं आणि मतदारांच्या विश्वासाचं काय झालं, हा गेल्या चाळीसेक वर्षांचा इतिहास. मी मूळची विज्ञानाची, त्यामुळे इतिहास वाचतानाही व्याख्या आणि मोजमाप शोधायची सवय जात नाही. त्या सवयीचा इथे उपयोग होतो.

ऑस्ट्रेलियाच का? एक तर तिथे केंद्रीय निवडणुकीत १९२४ पासून मतदान सक्तीचं आहे. चिडलेला मतदार घरी बसला म्हणून निकाल बदलला, असं म्हणायला फारशी जागा उरत नाही. दुसरं, तिथल्या प्रतिनिधिगृहाची मुदत जेमतेम तीन वर्षांची. आश्वासन आणि त्याचा हिशेब यांत अंतर कमी. तिसरं, १९८७ पासून प्रत्येक केंद्रीय निवडणुकीनंतर मतदारांचं शास्त्रीय पद्धतीने सर्वेक्षण होतं. अभ्यासकाला आणखी काय हवं?

पहिलं उदाहरण : न पेलणारा शब्द

जून १९८७. मजूर पक्षाचे पंतप्रधान बॉब हॉक यांनी प्रचाराच्या भाषणात जाहीर केलं, की १९९० पर्यंत एकही ऑस्ट्रेलियन मूल गरिबीत राहणार नाही. लिहून आणलेल्या मसुद्यात वाक्य जरा सावध होतं : कुठल्याही मुलाला गरिबीत राहण्याची गरज पडणार नाही. बोलताना ती 'गरज' गळाली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारं साहाय्य नंतर खरंच वाढवलं गेलं, पण १९९० मध्ये गरीब मुलं होतीच. हॉक यांना त्या वाक्याची पुढे आयुष्यभर खंत वाटत राहिली. तरीही १९९० ची निवडणूक ते जिंकले.

आता सांगा, हे मोडलेलं आश्वासन आहे का? शब्दशः पाहिलं तर हो. प्रयत्न पाहिला तर अर्धवट पाळलेलं. म्हणजे पहिल्याच नमुन्यात आपली 'हो किंवा नाही' ही मोजपट्टी अपुरी पडली.

दुसरं : कायदा करूनही

१९९३ मध्ये पॉल कीटिंग यांच्यासमोर विरोधी नेते जॉन ह्यूसन होते. ह्यूसन १५ टक्के वस्तू आणि सेवा कर, म्हणजे जीएसटी, आणू पाहत होते. कीटिंग यांचं म्हणणं असं, की आम्ही आयकरात कपात देऊ आणि तीही नव्या कराशिवाय. लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून ही कपात आधीच कायद्यात घातली आहे, हे ते 'लॉ' या शब्दातलं एकेक अक्षर सुटं उच्चारून सांगायचे. मार्चमध्ये ते जिंकले. ऑगस्टच्या अर्थसंकल्पात कपातीचा दुसरा टप्पा पुढे ढकलला गेला आणि अप्रत्यक्ष कर वाढले.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. संसद स्वतः केलेला कायदा स्वतःच बदलू शकते. म्हणून 'कायदा केलाय' हीसुद्धा हमी नव्हे.

तिसरं : हॉवर्ड आणि दोन प्रकारची आश्वासनं

१९९६ मध्ये लिबरल आणि नॅशनल आघाडीचे जॉन हॉवर्ड सत्तेवर आले. तिजोरी उघडली तर सुमारे ८ अब्ज डॉलरची तूट निघाली, असं त्यांच्या सरकारने सांगितलं. मग काही आश्वासनं बाजूला ठेवली गेली आणि हॉवर्ड यांनी गाभ्याची आश्वासनं वेगळी, गाभ्याबाहेरची वेगळी असा फरक केला. मतदारांना हा फरक मतदानाआधी कोणी सांगितला नव्हता. 'गाभ्याबाहेरचं आश्वासन' हा तिथे कायमचा टोमणा होऊन बसला.

यातून एक चांगली गोष्टही निघाली. १९९८ च्या अर्थसंकल्पीय प्रामाणिकपणाच्या कायद्यानुसार निवडणूक अधिकृतपणे पुकारल्यावर दहा दिवसांच्या आत सरकारी खात्यांच्या सचिवांनी तिजोरीची खरी स्थिती प्रसिद्ध करायची असते. 'आत आल्यावर कळलं' ही सबब त्यामुळे पुष्कळ कमजोर झाली.

याच हॉवर्ड यांचा जीएसटीचा किस्सा मात्र वेगळा आहे. १९९५ मध्ये ते म्हणाले होते, की जीएसटी कधीच, कधीही येणार नाही. १९९७ पासून त्यांनी भूमिका बदलली. पण कर लावण्याआधी ते तोच मुद्दा घेऊन ऑक्टोबर १९९८ च्या निवडणुकीत उतरले. पसंतिक्रम वाटून झाल्यावर दोन मुख्य बाजूंत त्यांना ४९ टक्क्यांहून किंचित जास्त मतं मिळाली, तरी १४८ पैकी ८० जागा आल्या. सिनेटमध्ये डेमोक्रॅट्स पक्षाशी तडजोड करून ताजं अन्न करातून वगळलं आणि १ जुलै २००० पासून १० टक्के जीएसटी लागू झाला.

शब्द फिरवला? हो. पण मधे मतदारांना विचारलं. २००४ मध्ये निवडणूक जाहीर करताना याच हॉवर्ड यांनी 'तुमचा विश्वास कोणावर आहे?' हाच प्रचाराचा मुद्दा केला आणि आधीपेक्षा जास्त जागा घेऊन ते परत आले.

चौथं : एक वाक्य, तीन अर्थ

१६ ऑगस्ट २०१०. मतदानाला पाच दिवस उरलेले. पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड दूरचित्रवाणीवर म्हणाल्या, की माझ्या नेतृत्वाखालच्या सरकारात कार्बन कर असणार नाही. कार्बनवर काहीतरी किंमत लागावी हे मात्र त्या नाकारत नव्हत्या. निकालात कोणालाच बहुमत मिळालं नाही. ग्रीन्स आणि अपक्षांच्या पाठिंब्यावर गिलार्ड यांचं अल्पमतातलं सरकार उभं राहिलं. फेब्रुवारी २०११ मध्ये योजना जाहीर झाली : पहिली काही वर्षं ठरावीक दर, नंतर उत्सर्जनाच्या परवान्यांचा बाजार. १ जुलै २०१२ पासून टनाला २३ डॉलर दराने ती सुरू झाली.

आता याचे तीन अर्थ निघतात. विरोधक म्हणाले, सरळ खोटं बोलल्या. समर्थक म्हणाले, अल्पमतात आल्यावर परिस्थितीच बदलली. तिसरा गट म्हणाला, ठरावीक दराची व्यापारयोजना म्हणजे कर नव्हेच. पण जाहीर झालं त्याच दिवशीच्या मुलाखतीत 'कर' या शब्दावर आपण वाद घालणार नाही, असं गिलार्ड यांनी सांगितलं आणि तिसरा बचाव तिथेच संपला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं, की त्या शब्दाला विरोध न करणं ही चूक झाली.

पाचवं : तेच शस्त्र उलटतं

गिलार्ड यांच्या खोटेपणावर सर्वात जास्त हल्ला चढवणारे टोनी अ‍ॅबट ६ सप्टेंबर २०१३ ला, मतदानाच्या आदल्या दिवशी, एका मुलाखतीत म्हणाले : शिक्षणात कपात नाही, आरोग्यात नाही, निवृत्तिवेतनात बदल नाही, जीएसटीत बदल नाही, एबीसी आणि एसबीएस या सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या निधीतही कपात नाही. ते जिंकले. मे २०१४ च्या अर्थसंकल्पात राज्यांना शाळा आणि रुग्णालयांसाठी पुढे मिळायच्या निधीला कात्री लागली, निवृत्तिवेतन वाढवण्याचं सूत्र बदलायचा प्रस्ताव आला, डॉक्टरकडे जाताना ७ डॉलर भरायला लावणारी योजना आली. नोव्हेंबरमध्ये एबीसीच्या निधीत मोठी कपात जाहीर झाली. आधी नाकारून झाल्यावर डिसेंबर २०१४ मध्ये अ‍ॅबट यांनी मान्य केलं, की हे आपल्या आधीच्या बोलण्याशी जुळत नाही.

यात अभ्यासकासाठी एक पेच आहे. ७ डॉलरची योजना कधी लागूच झाली नाही, सिनेटमध्ये पुरेसा पाठिंबा न मिळाल्याने ती सोडून द्यावी लागली. मग आश्वासन मोडलं की मोडायचा प्रयत्न झाला? तुमच्या तक्त्यात याला वेगळा रकाना लागेल.

आणि आणखी एक पेच. गिलार्ड यांना जून २०१३ मध्ये, म्हणजे निवडणुकीआधी, त्यांच्याच पक्षाने हटवलं. अ‍ॅबट यांनाही सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांच्याच पक्षाने. म्हणजे ज्यांनी शब्द दिला, त्यांचा फैसला मतदारांनी थेट कधी केलाच नाही. विज्ञान शाखेतल्यांना हे लगेच ओळखू येईल : प्रयोग संपायच्या आत नमुनाच काढून घेतला. 'मोडलेल्या आश्वासनाची शिक्षा मतदार देतात' हे गृहीतक इथे तपासताच येत नाही.

सहावं : मोडलं, सांगितलं, आणि जिंकले

अँथनी अल्बनीझी यांच्या मजूर पक्षाने २०२२ च्या निवडणुकीत शब्द दिला होता, की आधीच्या सरकारने कायद्यात घातलेल्या आयकर कपातीच्या तिसऱ्या टप्प्याला हात लावणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी हात लावला. वरच्या उत्पन्नगटाचा लाभ कमी केला आणि खालच्या, मधल्या गटांचा वाढवला. महागाई वाढली, म्हणून निर्णय बदलतोय, असं त्यांनी उघडपणे सांगितलं. बहुसंख्य करदात्यांच्या हातात आधीच्या योजनेपेक्षा जास्त पैसे पडणार होते. मे २०२५ मध्ये ते १५० पैकी ९४ जागा घेऊन परतले.

यावरून 'फायदा झाला की लोक विसरतात' असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. २०२५ च्या निकालामागे आणखी अनेक कारणं होती. एका निवडणुकीवरून एका कारणाचं वजन काढता येत नाही.

कायदा काय करतो?

तुम्ही विचाराल, खोटं बोलण्याविरुद्ध कायदा नाही का? केंद्रात १९८३ मध्ये असत्य राजकीय जाहिरातींवर बंदी घालणारं कलम आलं आणि १९८४ मध्ये, पुढची निवडणूक व्हायच्या आत, रद्द झालं. मतदाराची दिशाभूल करण्यास मनाई करणारं दुसरं कलम होतं, पण १९८१ मध्येच तिथल्या उच्चतम न्यायालयाने त्याचा अर्थ मत नोंदवण्याच्या कृतीपुरता मर्यादित केला होता. मत बनवताना झालेली दिशाभूल त्यात बसत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात मात्र १९८५ पासून असा कायदा आहे आणि राजधानी प्रदेशानेही नंतर तो केला.

पण या कायद्यांचे शब्द नीट वाचा. ते 'वस्तुस्थितीचं विधान' म्हणून मांडलेल्या मजकुराला लागू होतात. आश्वासन हे भविष्याबद्दल असतं. उद्या काय करीन हे आज खरं किंवा खोटं ठरवता येत नाही. म्हणून मोडलेल्या आश्वासनाला न्यायालय नाही, फक्त मतपेटी आहे. आणि मतपेटीत मत एकच, आश्वासनं मात्र शंभर.

आकडे काय सांगतात?

सरकारमधल्या लोकांवर विश्वास ठेवता येतो, असं म्हणणारे १९६९ मध्ये ५१ टक्के होते, २००७ मध्ये ४३, २०१९ मध्ये २५, आणि २०२२ मध्ये ३०. लोकशाहीच्या कारभारावर समाधानी असणारे २००७ मधल्या ८६ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ५९ वर आले होते.

पटकन वाटतं, आश्वासनं मोडली म्हणून विश्वास घसरला. पण २००७ चा आकडा बघा. 'गाभ्याबाहेरची आश्वासनं' होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी तो बऱ्यापैकी वर आहे. घसरण दिसते ती त्यानंतरच्या काळात. त्याच काळात पंतप्रधानांना त्यांचेच पक्ष एकामागून एक हटवत होते : रड, गिलार्ड, अ‍ॅबट, टर्नबुल. दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या, तेव्हा दोष एकट्या आश्वासनांवर टाकता येत नाही.

माझं वाचन मला एका मर्यादित गृहीतकापर्यंत आणतं. मत बदललं यापेक्षा ते कुठल्या वाटेने बदललं, हे मतदाराला जास्त खुपत असावं. हॉवर्ड यांनी जीएसटीच्या वेळी आधी विचारलं. अल्बनीझी यांनी आधी केलं, पण बदललं हे कबूल करून केलं आणि मग स्वतः हिशेबाला उभे राहिले. अ‍ॅबट यांनी आधी मोडलंच नाही म्हटलं. नमुने मोजके आहेत, म्हणून याला निष्कर्ष म्हणत नाही. पण हे तपासता येतं.

आणि हे तपासणं का महत्त्वाचं, तेही सांगते. एलिन नाउरिन या स्वीडिश अभ्यासिकेने दाखवलं आहे, की पक्ष प्रत्यक्षात जेवढी आश्वासनं पाळतात, त्यापेक्षा लोकांना ती फार कमी पाळली जातात असं वाटतं. 'सगळे सारखेच' हे एकदा मनात पक्कं बसलं, की शब्द पाळणाऱ्याला त्याचं श्रेय मिळत नाही. मग पाळायचं कशासाठी? टपरीवरच्या त्या वाक्याची किंमत अशी वसूल होते.

तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ. कुठल्याही देशातलं एक आश्वासन निवडा. मूळ शब्द आणि तारीख लिहा. पुरावा शोधायच्या आधी 'मोडलं' म्हणजे काय याची व्याख्या कागदावर लिहा आणि नंतर ती बदलू नका. अर्धवट पाळलेलं, मोडायचा प्रयत्न फसलेलं, आधी विचारून बदललेलं, यांना वेगळे रकाने द्या. शेवटी लिहा, की शब्द देणारा माणूस पुढच्या निवडणुकीत मतदारांसमोर उभा होता का.

हा एक पानाचा तक्ता झाला, की तुमच्याकडे संशोधनाचा प्रश्न तयार असेल. अडलं तर खाली विचारा.